बेहेनट्रिमोनियमची बाजू

माझी पहिली नोकरी केसांची नव्हती, कापडाची होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत कापडाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले. आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे सॉफ्टनर. पांढरट-पिवळसर घट्ट पेस्ट, ड्रममध्ये भरून भिवंडीच्या आणि इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसना जायची. ब्लीचिंग आणि डाइंग होऊन आलेलं सुती कापड हाताला खरखरीत लागतं. शेवटच्या पाण्यात हा सॉफ्टनर घातला की ते मऊ पडतं. व्यापारी ताग्याचं टोक चिमटीत धरून अंगठा फिरवायचा आणि एवढंच म्हणायचा, "फील आला." त्यावर पुढची ऑर्डर ठरायची.

पुढं मी सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत गेले. कंडिशनरचा पहिला फॉर्म्युला हातात आला, त्यातल्या मुख्य द्रव्याची रचना पाहिली आणि मला हसूच आलं. घराणं तेच! शुद्धता वेगळी, भाव वेगळा, आणि चिमटीत कापडाऐवजी केसांची बट. बाकी रसायनशास्त्र जुन्याच ओळखीचं.

त्या द्रव्याचं नाव बेहेनट्रिमोनियम क्लोराइड. तुमच्या न्हाणीघरातल्या कंडिशनरची बाटली फिरवून मागची यादी वाचा. आधी पाणी, मग सेटिअरिल अल्कोहोल, आणि पहिल्या पाच-सहा नावांत बहुतेक वेळा हे तरी, नाहीतर त्याचा धाकटा भाऊ सेट्रिमोनियम क्लोराइड तरी. बाटलीच्या पुढच्या बाजूला मात्र यांचा पत्ता नसतो. तिथं आर्गनची फळं, कोरफडीचं पान, नारळ, आणि हल्ली तर चक्क कांदा. मी इतकी वर्षं फॉर्म्युले लिहिले, त्या अनुभवावरून सांगते, पुढं ज्याचं चित्र असतं ते आत बऱ्याचदा नावापुरतं असतं. केस सोडवण्याचं काम मागच्या बाजूचे लोक करतात.

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. माझी भाची पुण्यात आयटीत आहे. ती फोनवर एकेक नाव शोधून मला विचारते, "मावशी, हे उच्चारताही येत नाही, ते डोक्याला कसं लावायचं?" वहिनींचा पक्ष उलटा. जाहिरातीत 'रिपेअर' म्हटलं म्हणजे केस आतून दुरुस्त होतात असं त्या मानतात आणि महिन्याला बाटली संपवतात. दोघींना मी एकच उत्तर देत आले आहे, ते जरा नीट लिहून काढते.

आधी केसाबद्दल. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस मेलेला असतो. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कंबरेपर्यंत वेणी असलेल्या बाईच्या शेंड्याचा केस पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेला. तेव्हापासून त्यानं किती वेळा नहाणं सोसलं, किती ऊन, किती रबरबँड, किती घाईघाईचे कंगवे, कुणी मोजलंय! त्यात जिवंत पेशी नाही, त्यामुळे कातडीवरचा ओरखडा भरून येतो तसा तो भरून येत नाही. 'रिपेअर'चा प्रश्न इथंच मिटायला हवा, पण जाहिराती बनवणारे एवढ्यानं थांबत नाहीत.

केसाच्या बाहेरच्या अंगाला सपाट पेशींचे खवले असतात, पाच ते दहा थर, कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, टोकं शेंड्याकडे. सगळ्यात वरच्या थरावर एका विशिष्ट मेदाम्लाचा जेमतेम एका रेणूइतका जाड लेप असतो. १८-मेथिल आयकोसॅनॉइक आम्ल हे त्याचं नाव, आणि तो खवल्याला रासायनिक बंधानं जोडलेला असतो. कोवळ्या केसावरून पाणी निसटतं, बोट घसरतं, ते या लेपामुळे. अल्कधर्मी साबण, केस रंगवतानाचं डेव्हलपर आणि मुख्य म्हणजे ब्लीच हा लेप उडवून लावतात. तो परत येत नाही. खालचा जो उघडा पृष्ठभाग उरतो, त्यावर पाण्यात ऋण विद्युतभार असतो. तसा निरोगी केसही पाण्यात थोडा ऋणभारितच असतो, कारण त्याचा तोल साधारण ३.७ सामूला, म्हणजे बऱ्यापैकी आंबट पाण्यात साधतो. आपलं नळाचं पाणी सातच्या आसपास, कपड्याचा किंवा अंगाचा साबण नऊ-दहा.

आता बेहेनट्रिमोनियम. या रेणूला बावीस कार्बनांची लांब, तेलकट शेपटी आहे आणि टोकाला नायट्रोजनचं डोकं, ज्यावर कायमचा धनभार आहे. अशा धनभारित संयुगांना आमच्या धंद्यात 'क्वाट' म्हणतात. कंडिशनर ओल्या केसाला लावला की धन डोकं ऋण केसाला चिकटतं आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला राहतात. उडून गेलेल्या लेपाच्या जागी तात्पुरता तेलकट थर बसतो. केसावर केस घसरतो, कंगव्याला ओढ कमी लागते, सुकल्यावर केस ताठ उभे राहत नाहीत. पाण्यानं धुतलं तरी तो पूर्ण निघत नाही, कारण तो नुसता माखलेला नसून विद्युतभारानं धरलेला असतो. पुढच्या वेळी शॅम्पू लावला की बराचसा जातो. म्हणून कंडिशनर दर वेळी लावावा लागतो, यात कंपनीचं कारस्थान काही नाही.

मला या रेणूचं सगळ्यात आवडतं ते पुढचं. केसाचा जो भाग जास्त झिजलेला, तिथं ऋणभार जास्त, म्हणून तिथं तो जास्त बसतो. मुळाशी कमी, शेंड्याला जास्त. कुणी सांगायला लागत नाही. कापडाला सॉफ्टनर लावताना आम्हाला तो सगळीकडे सारखा बसवण्यासाठी आटापिटा करावा लागायचा. केसांच्या बाबतीत असमान बसणं हाच त्याचा गुण ठरतो.

ती बावीस कार्बनांची शेपटी येते कुठून? बहुतेक मोहरीच्या कुळातल्या तेलबियांपासून. या तेलात इरुसिक आम्ल असतं, त्याला हायड्रोजन दिला की बेहेनिक आम्ल मिळतं, आणि पुढच्या प्रक्रियांनी क्वाट. हेच बेहेनिक आम्ल थोड्या प्रमाणात शेवग्याच्या बियांच्या तेलातही असतं, तेव्हा कुणा मार्केटिंगवाल्याला हवंच असेल तर शेवग्याच्या शेंगांचं चित्र छापायला माझी हरकत नाही. धाकट्या सेट्रिमोनियमची शेपटी सोळा कार्बनांची, ती बहुधा पामतेलातून येते. शेपटी लांब असली की घसरण जास्त आणि त्वचेला त्रास कमी, म्हणून दाट, लांब, रंगवलेल्या केसांसाठीच्या कंडिशनरमध्ये बेहेनट्रिमोनियम निवडतात. सेट्रिमोनियम हलकं, पाण्यात सहज विरघळणारं, पातळ स्प्रेमध्ये बरं पडतं.

कारखान्यात हे पिवळसर-पांढऱ्या गोळ्यांच्या किंवा चकत्यांच्या रूपात येतं. पोतं उघडलं की आयसोप्रॉपिल अल्कोहोलचा वास नाकात शिरतो. सेटिअरिल अल्कोहोलबरोबर सत्तर-ऐंशी अंशांवर वितळवायचं, तितक्याच गरम पाण्यात हळूहळू मिसळायचं आणि ढवळत ढवळत थंड करायचं. घाई केली तर हवा शिरते आणि बॅच फुगते, मग बाटलीत दोनशे मिली म्हणून भरलेलं दोन दिवसांत खाली बसतं आणि क्यूसीवाले डोक्यावर बसतात. नीट जमलं तर नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असूनही हाताला लोण्यासारखं घट्ट लागणारं क्रीम तयार होतं. ती घट्टी क्वाट आणि सेटिअरिल अल्कोहोलच्या थरांमध्ये पाणी अडकल्यामुळे येते. आणि हो, हे अल्कोहोल म्हणजे केस कोरडे करणारं स्पिरिट नव्हे. ते मेणासारखं घन असतं, खोबऱ्याच्या नाहीतर पामच्या तेलापासून बनतं, केस मऊच करतं. भाचीनं यादीतलं नुसतं 'अल्कोहोल' पाहून एक चांगला कंडिशनर परत केला होता.

तपासायचं कसं? केसांच्या एकसारख्या लडी मिळतात. त्यातल्या काही मुद्दाम ब्लीच करायच्या, टांगून ओल्या करायच्या आणि यंत्राला लावलेला कंगवा फिरवून किती ओढ लागते ते मोजायचं. ब्लीच केलेल्या ओल्या लडीत कंगवा मध्येच अडतो, आलेखाची रेघ वर उसळते. कंडिशनर लावून धुतलेल्या लडीतून तो सरळ खाली येतो. याचा अर्थ फक्त मऊपणापुरता नाही. ओला केस ताणला की जास्त लांबतो आणि गुंत्यात ओढला की तुटतो. वहिनींना न्हाणीघराच्या जाळीवर जे केस दिसतात त्यांतले काही मुळापासून गळलेले असतात, टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो. रोज पन्नास ते शंभर केस असे गळणं स्वाभाविक आहे. ठिपका नसलेले, आखूड तुकडे म्हणजे तुटलेले केस. कंडिशनरनं हे दुसरे कमी होतात. पहिल्यांवर त्याचा काही परिणाम नाही, आणि नवे केस उगवण्याशी तर संबंधच नाही.

आता भाचीचा प्रश्न, जो मला वहिनींच्या श्रद्धेपेक्षा जास्त गंभीर वाटतो. हे सुरक्षित आहे का?

ती विचारते त्याला कारण आहे. क्वाटच्याच कुळात जंतुनाशकं आहेत. १९३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांनी बेन्झाल्कोनियम क्लोराइडचा जंतुनाशक गुण जगापुढं मांडला. सल्फा औषधांसाठी नोबेल मिळालेले तेच हे डोमाक. आपल्याकडे घरोघरी जखम धुवायला वापरतात त्या सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडीनबरोबर सेट्रिमाइड असतं, ते आपल्या सेट्रिमोनियमचं सख्खं भावंड. त्याचं धन डोकं जंतूच्या ऋणभारित आवरणाला चिकटतं आणि शेपटी ते आवरण फाडते. दवाखान्यातल्या जुन्या नर्स सांगायच्या, साबण पूर्ण धुऊन टाका, मगच सॅव्हलॉन लावा. साबण ऋणभारित, सेट्रिमाइड धनभारित, दोघं एकमेकांना धरून बसतात आणि औषध निकामी होतं. शॅम्पू आणि कंडिशनर एकत्र कालवून लावायचे नाहीत तेही याच कारणानं.

मग जंतूचं आवरण फाडणारी गोष्ट डोळ्याला आणि कातडीला त्रास देणार नाही? देते, प्रमाण जास्त असेल तर. पोत्यातला कच्चा माल साधारण ऐंशी टक्के तीव्रतेचा असतो. त्याच्या चकत्या व्हेसलमध्ये ओतताना गॉगल आणि हातमोजे सक्तीचे, आणि सुपरवायझर ते घातल्याशिवाय कुणाला मॅनहोलजवळ फिरकू द्यायचा नाही. योग्यच होतं. डोळ्यात कण गेला तर इजा गंभीर होते. पण कंडिशनरमध्ये क्वाट साधारण एक ते तीन टक्के, तेही मेणाच्या थरांमध्ये बांधलेलं, दोन-तीन मिनिटं केसावर, मग भरपूर पाणी. शिवाय भारित रेणू असल्यामुळे ते धड कातडीतून आत शिरत नाही.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. युरोपीय आयोगाच्या ग्राहक-सुरक्षेविषयीच्या वैज्ञानिक समितीनं २००९ मध्ये या तिन्ही भावंडांची (सेट्रिमोनियम, स्टिअरट्रिमोनियम आणि बेहेनट्रिमोनियम) छाननी केली आणि नंतर युरोपच्या कायद्यात मर्यादा आल्या. धुऊन टाकायच्या केसांच्या उत्पादनांत बेहेनट्रिमोनियम क्लोराइड ५ टक्क्यांपर्यंत चालतं, सेट्रिमोनियम २.५ टक्क्यांपर्यंत. न धुता ठेवायच्या केसांच्या उत्पादनांत सेट्रिमोनियमला १ टक्का. थोरल्याला जास्त मोकळीक का, ते लक्षात आलं असेलच: लांब शेपटी, कमी त्रास. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञमंडळानंही हे कुळ सुरक्षित ठरवलं, पण एका अटीवर, तयार उत्पादन त्वचेला जळजळ करणार नाही अशा बेतानं बनवलेलं हवं. ती अट महत्त्वाची आहे. डोसचा विचार किती बारीक असतो ते पाहायचं तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या थेंबांची बाटली पाहा. बऱ्याच थेंबांत टिकाऊपणासाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं, ०.०१ टक्क्याच्या आसपास. तोच रेणू फरशी पुसायच्या जंतुनाशकात कितीतरी जास्त असतो, आणि असे फवारे रोज श्वासात घेणाऱ्या सफाई कामगारांना दम्याचा त्रास होतो अशा नोंदी आहेत. म्हणून मी स्वतः क्वाटवाला बारीक फवारा बंद न्हाणीघरात मारत नाही. क्रीम बोटांनी लावते.

कंडिशनर लावल्यावर ज्यांच्या मानेला, कपाळाला किंवा कानामागं खाज सुटते, त्यांनी क्वाटच्या आधी दोन गोष्टींवर संशय घ्यावा. एक सुगंध. दुसरं मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं परिरक्षक. त्यानं युरोपात संपर्कातून होणाऱ्या अॅलर्जीची लाटच आली होती. न धुता ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर तिथं २०१७ पासून बंदी आहे, आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत २०१८ पासून दहा लाख भागांत फक्त १५ भागांची मुभा. यादीत नाव शोधायचंच असेल तर हे शोधा. त्रास टिकला तर त्वचारोगतज्ज्ञाकडं पॅच टेस्ट होते, तिच्यात नेमका गुन्हेगार सापडतो.

आणि एक गल्लत मला फार खटकते. भाची कंडिशनरला घाबरते आणि मैत्रिणीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये जाऊन चार तास 'केराटिन' करून येते. केस सरळ करायच्या या प्रक्रियांत पूर्वी फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायनं असायची, आता बऱ्याच ठिकाणी ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं, वरून दोनशे अंशांच्या घरातली इस्त्री. २०२३ मध्ये इस्राएलमधल्या डॉक्टरांनी अशा स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची केस मांडली, आणि तेच क्रीम उंदरांच्या कातडीला लावून मूत्रपिंडात ऑक्सॅलेटचे स्फटिक जमताना पाहिले. भीती वाटायचीच असेल तर तिथं वाटू द्या. नाव 'केराटिन', म्हणजे केसाचंच प्रथिन, उच्चारायला सोपं. बिचारं बेहेनट्रिमोनियम उच्चारायला अवघड म्हणून बदनाम.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे लेबलवर घटकांची यादी द्यावी लागते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं, त्याखालचे कोणत्याही क्रमानं. ही एक टक्क्याची रेघ ओळखायला शिकलात तर लेबल निम्मं वाचता येतं. सुगंध आणि परिरक्षक ही नावं लागली की त्यानंतरचा मामला साधारण एक टक्क्याखालचा समजायला हरकत नाही, आणि आर्गन तेल बहुधा तिथंच सापडेल. पण ६० मिलीपेक्षा लहान पॅकला ही यादी छापण्यातून सूट आहे. म्हणजे खेड्यातल्या दुकानात दोरीला लटकलेली एक-दोन रुपयांची पुडी घेणाऱ्या बाईला आत काय आहे ते कळायची सोय कायद्यानंच ठेवलेली नाही. बाटली घेणारीला वाचायला मिळतं, पुडी घेणारीला नाही. पुडी बारीक असते हे खरं, पण तिच्यावर नटीचा चेहरा मावतो.

माझी आई शिकेकाईनं न्हायची आणि घरात कधीतरी साबण वापरायची वेळ आली तर शेवटच्या तांब्यात लिंबू पिळायची. त्यामागं शास्त्र आहे. शिकेकाईचा काढा मुळातच आंबट असतो आणि त्यातली सॅपोनिनं साबणाइतकी आक्रमक नसतात, त्यामुळे खवले फार उघडत नाहीत. साबण मात्र अल्कधर्मी, केस फुगवतो आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट पांढरा थर केसांवर बसतो. लिंबाच्या आम्लानं तो थर विरघळतो आणि केसाचा सामू खाली येतो. पण तेलकट थर लिंबू देत नाही, तो कंडिशनर देतो. खोबरेल तेलाचं काम त्याहून वेगळं. मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल तपासली होती. केसांतल्या प्रथिनाची झीज लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलानं, कारण त्यातलं लहान, सरळ साखळीचं मेदाम्ल केसाच्या आत शिरतं. तेव्हा आदल्या रात्रीचं तेल आणि धुतल्यावरचा कंडिशनर यांत भांडण लावायचं कारण नाही. एक आत काम करतं, दुसरा बाहेर.

टू-इन-वन शॅम्पूबद्दलही विचारतात. शॅम्पू ऋण आणि कंडिशनर धन, मग एका बाटलीत कसे नांदतात? तिथं क्वाटचा छोटा रेणू नसून धनभारित केलेला मोठा पॉलिमर वापरतात, बऱ्याचदा ग्वारचा. ज्या गवारीच्या शेंगांची आपण भाजी करतो त्याच झाडाच्या बियांचा डिंक, राजस्थानात ज्याचं मोठं पीक येतं. शॅम्पू दाट असेपर्यंत तो विरघळलेला राहतो, पाणी ओतून पातळ झाला की सुटा होऊन केसावर बसतो, बरोबर सिलिकोनचे थेंबही घेऊन. युक्ती देखणी आहे. आखूड केसांना पुरते. लांब वेणीला पुरत नाही.

वापरायची पद्धत थोडक्यात: शॅम्पू धुऊन, केस जरा निथळून, कानाच्या खालच्या भागाला कंडिशनर लावायचा. मुळांना नको, तिथला केस नवा असतो, त्याचा लेप शाबूत असतो आणि तिथं लावलं तर केस लवकर चिपकतात. कपाळावर पुटकुळ्या येणाऱ्यांनी विशेष जपावं. रुंद दातांचा कंगवा त्याच वेळी, कंडिशनर केसांत असतानाच, शेंड्याकडून वर फिरवायचा. मग धुवायचा. 'जास्त वेळ ठेवला की जास्त मुरतो' हे तितकंसं खरं नाही, दोन-तीन मिनिटांत होण्यासारखं बरंच होऊन जातं. अर्धा तास टॉवेल गुंडाळून बसणाऱ्या वहिनींना मी हे सांगते, पण तो अर्धा तास त्यांना शांतपणे बसायला मिळतो, एवढ्यासाठी मी फार आग्रह धरत नाही.

माझ्या दृष्टीनं या रेणूची खरी कमकुवत बाजू न्हाणीच्या मोरीपलीकडं सुरू होते. क्वाट मासे आणि शेवाळ यांना विषारी असतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून पाणी गेलं तर ते गाळाला घट्ट धरून बसतात आणि जिवाणू त्यांचा बराचसा फडशा पाडतात. पण आपल्याकडचं सगळं सांडपाणी कुठं केंद्रातून जातं! ते नाल्यातून खाडीत आणि नदीत जातं. अंबरनाथला राहणाऱ्या माणसाला वालधुनी नदीबद्दल वेगळं सांगायला नको, तिथं केसांच्या क्वाटपेक्षा कारखान्यांचा वाटा मोठा आहे आणि त्या कारखान्यांत मी पगार घेतला आहे. उपाय अशक्य नाही. कपड्यांच्या सॉफ्टनरमधलं एक जुनं, सहज न कुजणारं क्वाट १९९० च्या सुमारास नेदरलँड्स आणि जर्मनीपासून सुरुवात होऊन युरोपातून मागं पडलं आणि त्याच्या जागी एस्टरक्वाट आले. त्यांच्या शेपटीत मुद्दाम एक कच्चा सांधा ठेवलेला असतो, पाण्यात तो तुटतो आणि जिवाणूंना पुढचं काम सोपं जातं. केसांसाठीही एस्टरक्वाट मिळतात. थोडे महाग पडतात, साठवणीत जास्त नाजूक, म्हणून खरेदी विभाग नाक मुरडतो. बाटलीवर 'सिलिकोन फ्री', 'पॅराबेन फ्री' असं काय काय लिहितात, त्याऐवजी 'लवकर कुजणारं क्वाट' असं कुणी लिहिलं तर ती बाटली मी दहा रुपये जास्त देऊन घेईन.

शेवटी कंडिशनरचा एक उपयोग, जो कुठल्याच जाहिरातीत नाही आणि शाळकरी मुलींच्या आयांना सगळ्यात जास्त कामाचा आहे. उवा. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावला की उवांची पळापळ मंदावते, आणि केस इतके घसरतात की बारीक दातांची फणी अगदी डोक्याला टेकवून मुळापासून शेंड्यापर्यंत न अडता ओढता येते. पोरगी रडत नाही, हा मोठाच फायदा. ब्रिटनमध्ये या पद्धतीची दुकानात मिळणाऱ्या कीटकनाशक औषधांशी तुलना केली होती. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्या अभ्यासात फणीनं ५७ टक्के मुलं उवामुक्त झाली, औषधांनी १३ टक्के. औषधांना उवा सरावल्या आहेत, फणीला सरावणं त्यांना जमलेलं नाही. मात्र एकदा करून भागत नाही. लिखा केसाला चिकटलेल्या राहतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे हे करायचं, म्हणजे नव्या उवा अंडी घालायच्या आत फणीत सापडतात. कंडिशनर यासाठी स्वस्तातला चालतो, आर्गनबिर्गनची गरज नाही. फणी दर ओढीनंतर पांढऱ्या कागदावर पुसायची, काय निघालं ते दिसतं. आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या आईला न लाजता फोन करायचा, नाहीतर पुढच्या सोमवारी सगळं पहिल्यापासून.